सतरा नंबरचं दही

सरांच्या खिशात पेन कधी नसायचं. ते माझं घ्यायचे आणि परत द्यायचे नाहीत. खिशात असायच्या दोन बुटक्या काचेच्या बाटल्या, पांढऱ्या झाकणाच्या, निर्जंतुक केलेल्या, आणि कागदात गुंडाळलेला एक लाकडी चमचा. लग्न असो, बारसं असो, जिथे पानात दही वाढलं जाणार तिथे सर जेवायला बसण्याआधी आत जाऊन विचारायचे, "विरजण कुणाचं?" एकदा एका तेराव्याच्या जेवणालाही त्यांनी हा प्रश्न विचारला. मी शरमेने खाली बघत होते. पण त्या घरच्या काकूंनी डोळे पुसून त्यांना सविस्तर उत्तर दिलं, कारण विरजण गेलेल्या काकांच्या आईचं होतं, आणि दोन आठवड्यांत काकांबद्दल न बोलता त्यांच्या घराबद्दल विचारणारा हा पहिलाच माणूस होता. सरांनी बाटली भरून घेतली आणि मग पानावर बसले.

मी त्यांच्या प्रयोगशाळेत सहायक होते. अजून आहे. सामान आणणं, नोंदी ठेवणं, फॉर्म भरणं ही माझी कामं. सरांना वेळेवर घरी पाठवणं हे कुणी नेमून दिलं नव्हतं, पण तेही माझ्याकडेच आलं. मी मुळात यादी करणारी बाई आहे. बडोद्यात मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये फ्रिजच्या दारावर तीन याद्या असतात आणि माझा नवरा चौथी लावू देत नाही. सर मला पहिल्या आठवड्यापासून 'यादीबाई' म्हणायला लागले. आधी मला राग आला. मग लक्षात आलं की ते आपल्या मोठ्या साहेबांनाही असंच काहीतरी म्हणतात, आणि त्या मानाने माझं नाव बरं आहे.

काम काय चालायचं ते एकदा सांगून टाकते, कारण मला सगळे तेच विचारतात. दह्यातला साधा जंतू घ्यायचा. लहान मुलांना जुलाब होऊन ती सुकून जातात, त्या रोगाच्या विषाणूचा एक छोटा, निरुपद्रवी तुकडा या दह्यातल्या जंतूच्या अंगावर उगवेल असा बदल त्याच्यात करायचा. मग तो जंतू वाळवून त्याची पूड करायची. आईने ती पाण्यात कालवून बाळाला पाजली की पोटातून पुढे जाताना बाळाचं शरीर तो तुकडा ओळखतं आणि पुढच्या खऱ्या रोगासाठी तयार राहतं. सुई नाही, बर्फाचा डबा नाही, डॉक्टरची वाट बघणं नाही. सांगायला चार ओळी लागतात. करायला सरांचं अर्धं आयुष्य लागलं.

जंतूंना ते 'मंडळी' म्हणायचे. सकाळी आल्यावर पहिला प्रश्न, "मंडळी जेवली का?" म्हणजे त्यांना खाद्य घातलं का. आमच्याकडे तीन इन्क्युबेटर होते, ऊब देणारी कपाटंच ती. त्यांना सरांनी थोरली, मधली आणि धाकटी अशी नावं ठेवली होती. "धाकटी रुसलीय," असं ते म्हणाले की मी इलेक्ट्रिशियनला फोन करायची. बाहेरच्या माणसांना वाटायचं सरांच्या घरात तीन जावा आहेत आणि त्यांचं पटत नाही.

पण आतल्या खोलीत हा गमतीचा सूर बंद. बदल केलेले जंतू तिथे असायचे आणि तिथली चप्पलसुद्धा बाहेर यायची नाही. एकदा ते स्वतःच तिथल्या चपला घालून दारापर्यंत आले, खाली बघितलं, आणि परत आत जाऊन अर्धा तास सगळी फरशी पुसत बसले. मी म्हटलं, मी पुसते. म्हणाले, "ज्याने सांडलं त्याने पुसावं." सांडलं काहीच नव्हतं.

सर सयाजीगंजात वाढलेले. त्यांचे पणजोबा संस्थानात कारकून होते, त्यामुळे घरात मराठी अगदी पुस्तकातली आणि दाराबाहेर पडलं की गुजराती. कुठल्याही अडचणीवर त्यांचं उत्तर एकच होतं, "थई जशे." होऊन जाईल. मशीन बंद पडलं, थई जशे. मंजुरी रखडली, थई जशे. मी एकदा वैतागून विचारलं की कधी. म्हणाले, "ते तुमच्या यादीत लिहा, यादीबाई. तारीख मोकळी ठेवा."

लस स्वस्त असली पाहिजे यावर मात्र त्यांना थई जशे चालायचं नाही. त्यांचं माप ठरलेलं होतं. युनिव्हर्सिटीच्या फाटकाजवळच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, अर्धा चहा मिळतो, त्यापेक्षा एक डोस महाग पडला तर ती लस नाही, दागिना आहे. सर स्वतः चहा पीत नसत, छास, म्हणजे ताक, पीत. तरी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला लारीवाल्याला चहाचा भाव विचारून फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे. भाव वाढला की सगळे कुरकुरायचे आणि सर खूश व्हायचे. "आपल्याला थोडी जागा झाली," म्हणायचे.

'गरिबांची लस' हा शब्द कुणी वापरला की ते उठून जायचे. एका मोठ्या बैठकीत एका पाहुण्याने भाषणात तो तीनदा वापरला. तिसऱ्या वेळेला सरांची खुर्ची रिकामी होती. ते बाहेर लारीजवळ उभे होते. मी गेले तेव्हा म्हणाले, "बाळाला कळतं का आपण गरीब आहोत ते?" आणि छासचा दुसरा ग्लास मागितला.

पूड उन्हात टिकते का, याची रीतसर तपासणी आमच्या कपाटांत व्हायची. सरांना त्यावर भरवसा नव्हता. बदल न केलेल्या, साध्या दह्याच्या जंतूंच्या पुडीची छोटी पाकिटं करून ते आपल्या जुन्या स्कूटरच्या डिकीत ठेवायचे, अख्खा एप्रिल आणि अख्खा मे. बडोद्याच्या मे महिन्यात त्या डिकीत काय होत असेल ते मांजलपूरहून रोज दुचाकीवर येणारीला सांगायला नको. याला ते डिकीची परीक्षा म्हणायचे.

एका मे महिन्यात स्टेशनसमोर वाहतूक पोलिसाने त्यांना कागदपत्रांसाठी थांबवलं आणि डिकी उघडायला लावली. आत चाळीसेक पाकिटं, पांढरी पूड, प्रत्येकावर तारीख. मला फोन आला की ओळखपत्र घेऊन या. मी पोचले तेव्हा सर स्कूटरला टेकून शांत उभे होते. हे काय आहे म्हणून पोलीस विचारत होता, "आ शुं छे?" सर म्हणाले, "दहीं छे." पोलिसाने पाकीट उलटसुलट केलं. असं दही त्याने बघितलं नव्हतं. मग सरांनी त्याला समजावलं की लारीवरून कोमट दूध मागवा, ही चिमूट टाका, चार-पाच तास थांबा, दही होईल, माझ्याकडे वेळ आहे, तुमच्याकडे आहे का. पोलिसाने माझ्याकडे बघितलं. मी ओळखपत्र दाखवलं आणि मान हलवली. सुटल्यावर सर दिवसभर हळहळत होते की त्याने दूध मागवलं नाही. त्या पाकिटातले जंतू जिवंत आहेत की नाहीत ते तिथल्या तिथे कळलं असतं.

हे सगळं कशासाठी, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. शिकून बाहेर पडल्यावर सर दोन वर्षं पूर्वेकडच्या डोंगराळ गावांत लसीकरणाच्या पथकाबरोबर हिंडले होते. एका गावी ते पोचले तेव्हा डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं आणि ते पाणीही कोमट होतं. नियम स्पष्ट होता. सगळ्या कुप्या ओतून द्यायच्या. समोर बायका सकाळपासून मुलं घेऊन बसल्या होत्या, मजुरी बुडवून. ओतून देण्याचं काम सर्वांत धाकटा म्हणून सरांकडे आलं. एका बाईने ते बघितलं आणि विचारलं, काय झालं. सरांनी सांगितलं, बिघडली. ती म्हणाली, "तो बगडे नहीं एवी लावो ने." मग बिघडणार नाही अशी आणा ना. रागाने नाही म्हणाली. बाजारातून नासकी भाजी आणणाऱ्याला सांगावं तशी म्हणाली. पुढच्या फेरीला सर त्या गावात गेले तेव्हा तिच्या कडेवर मूल नव्हतं. सरांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

हे सांगून झाल्यावर ते म्हणाले की धाकटीचं तापमान बघा, आणि विषय संपला.

तर, बिघडणार नाही असा जंतू शोधायचा होता. तयार जंतू बाजारात मिळतात, चांगले असतात, पण ते कुणाच्या तरी मालकीचे असतात. परवाना घ्या, त्याची किंमत भरा. मग अर्ध्या चहाचं गणित कोलमडतं. म्हणून सरांनी ठरवलं की जंतू घरोघरच्या विरजणातून घ्यायचा. ज्या विरजणाने पन्नास उन्हाळे काढले आहेत ते कुणा कंपनीचं नाही. ते सासूने सुनेला दिलेलं असतं, माहेराहून वाटीत आलेलं असतं, शेजारणीकडून मागून आणलेलं असतं.

दोन महिने आम्ही शहरभर फिरलो, सर पुढे स्कूटरवर, मी मागे माझ्या गाडीवर. त्रेसष्ट घरं झाली. यादी अर्थातच माझी होती. रकाने मीच आखले होते: घर, विरजण कुठून आलं, किती वर्षांचं, आणि शेवटचा रकाना, 'भांड्यातून स्वतः घेतलं.' हा शेवटचा नियम सरांचा. वाटीत आणून दिलेलं दही घ्यायचं नाही. मी स्वतः स्वयंपाकघरात जाऊन, ज्या भांड्यात दही लागलं त्याच भांड्यातून, आमच्या चमच्याने घ्यायचं.

बाजवा भागातलं घर त्या दिवसाचं शेवटचं होतं. रिफायनरीच्या बाजूला, कामगारांच्या वसाहतीतलं. घरचे भाऊ प्लांटमध्ये फिटर, मूळचे भुसावळकडचे. वहिनी बोलक्या, हसऱ्या. बेसा बेसा म्हणत त्यांनी आम्हाला पंख्याखाली बसवलं. ऊन असं होतं की माझ्या डोळ्यांपुढे ठिपके नाचत होते. चहा आला, सरांसाठी छास आली, भाऊंनी प्लांटच्या गोष्टी सुरू केल्या. जरा वेळाने वहिनी आतून स्टीलच्या वाटीत दही घेऊन आल्या. घट्ट, चमचा उभा राहील असं. सरांनी चाखलं आणि डोळे मिटले. मी बाटली भरली. सतरा नंबर.

त्रेसष्टांच्या तपासणीत सतरा नंबर पहिला आला. सारखा वाढायचा, विषाणूचा तुकडा नीट उगवून दाखवायचा. ऊन मात्र जेमतेम सोसायचा आणि पोटातल्या आम्लासारख्या आम्लात अर्ध्यावर मान टाकायचा. सर म्हणायचे, कुणाची तरी एक बाजू लंगडी असणारच. तीन वर्षं आम्ही त्याच्यावर काम केलं. उंदरांना पाजला तेव्हा त्यांच्या रक्तात हवं ते दिसलं. त्या दिवशी सरांनी लॅबमध्ये सगळ्यांना श्रीखंड दिलं. जिथे जिथे ते बोलायला जायचे तिथे पहिल्या चित्रात बाजव्याच्या वहिनींची ती स्टीलची वाटी असायची. दर दिवाळीला ते स्वतः बाजव्याला मिठाई घेऊन जायचे आणि वहिनींना हात जोडायचे. वहिनी अवघडून जायच्या. मला वाटायचं विनयाने.

पुढच्या टप्प्याचा अर्ज करायचा होता. माणसांवरच्या तपासणीकडे नेणारा तो पहिला दरवाजा. सरांच्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते. अर्ज त्यांच्या सहीने गेला असता तर काम चालू राहिलं असतं, त्यांनाही सल्लागार म्हणून ठेवलं असतं. अर्जात एक कागद होता, जंतू ज्या घरून मिळाला त्या घराची संमती आणि सही. तो घेऊन मी बाजव्याला गेले.

भाऊ कामावर होते. वहिनींनी कागद वाचला. मी बोट ठेवून दाखवलं, इथे सही. त्यांनी पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. मग त्या म्हणाल्या,

"ताई, एक सांगू? सरांना सांगणार नाही ना?"

मी म्हटलं, काय ते सांगा.

"ते दही आमचं नव्हतं हो. त्या दिवशी घरचं दही दोन दिवसांचं होतं. आंबट ढाण. एवढे मोठे सर दारात आले, त्यांच्या हातावर आंबट दही कसं ठेवणार? तुम्ही पंख्याखाली बसला होता. मी मागच्या दाराने गेले, नाक्यावरून दह्याची डबी आणली आणि वाटीत उपडी केली."

मी कागदावरचं बोट काढून घेतलं.

"मला काय माहीत तुम्ही त्याच्यातून औषध काढणार," त्या म्हणाल्या. "मला वाटलं सर खाणार. मग सर दर दिवाळीला यायला लागले, हात जोडायला लागले, मग कसं सांगायचं? आमचे हे म्हणायचे, राहू दे आता, त्यांना आवडलंय ना."

मी सही न घेता निघाले. मांजलपूरला येईपर्यंत डोक्यात एकच यादी चालू होती. ती फार छोटी होती. एक, सरांना सांगणं. दोन, न सांगणं. घरी आल्यावर मी लॅबच्या जुन्या यादीची माझ्याकडची प्रत काढली. शेवटच्या रकान्यात पहिल्या घरापुढे लिहिलं होतं, 'हो, स्वतः घेतलं.' त्याखाली सगळीकडे वरच्यासारखंच या अर्थाची दोन टिंबं. सतराव्या ओळीतही दोन टिंबं. तोवर सोळा घरी मी खरोखरच स्वयंपाकघरात गेले होते. सतराव्या घरी पंख्याखाली बसले होते, आणि संध्याकाळी हात आपोआप खाली खाली टिंबं मारत गेला होता.

सकाळी मी सरांच्या आधी पोचले. ते आले, मंडळी जेवली का म्हणाले, आणि माझा चेहरा बघून स्टूल ओढून बसले. मी सगळं सांगितलं. आधी वहिनींचं, मग माझं. यादी समोर ठेवली.

सरांनी ती वरपासून सतराव्या ओळीपर्यंत वाचली. मग विचारलं, "तुम्ही स्वयंपाकघरात गेला नव्हता?"

"नाही सर."

"पंखा चालू होता?"

"हो."

"मीही उठलो नाही," सर म्हणाले. "मी तर छास पीत होतो."

त्यांनी माझं पेन मागितलं आणि सतराव्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. मग सतरा नंबरचा जंतू बाहेर ओळख पटवायला पाठवला. दोन आठवड्यांनी उत्तर आलं. बाजारातला, नोंदवलेला, मालकीचा जंतू होता.

विभागातले मोठे साहेब समजुतीचं बोलायला खाली आले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं असं की वाटीतलं दही कुठून आलं हे त्या बाईला, तुम्हाला आणि यादीबाईंना माहीत आहे. अर्ज जाऊ दे. पुढे परवान्याचं बघू, तोवर तुम्ही सल्लागार म्हणून बसलेले असाल. अर्ज मागे घेतलात तर पाच महिन्यांनी तुमची खोली दुसऱ्या कुणाची होईल.

सर म्हणाले, "जंतूलाही माहीत आहे. उद्या त्याला कुणीही विचारलं तर तो सांगेल."

"मग परवाना घेऊ."

"मग अर्ध्या चहात बसणार नाही," सर म्हणाले. साहेबांना ते कळलं नाही. मला कळलं.

अर्ज मागे घेतल्याचं पत्र मी टाइप केलं. कारण म्हणून मी लिहिलं होतं, नमुना गोळा करताना सहायकाकडून चूक झाली. सरांनी तो शब्द खोडून 'माझ्याकडून' लिहिलं. मी म्हटलं, सर, यादी माझी आहे. ते म्हणाले, "यादी तुमची, सही माझी." मी पत्र परत टाइप केलं.

त्या दिवशी दुपारी त्यांनी श्रीखंडाचा रिकामा डबा धुऊन पुसून मला परत दिला. तो माझ्याच घरचा होता, तेव्हा श्रीखंड आणायला नेलेला, आणि इतक्या वर्षांत सरांनी माझी परत केलेली ती एकमेव वस्तू.

मला वाटलं आता उरलेल्या बासष्ट बाटल्यांपैकी दुसरी काढायची. फ्रीझरमध्ये सगळ्या ओळीने होत्या. पण दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, चला, बाजव्याला. मी घाबरले. वहिनींना मी शब्द दिला नव्हता, तरी मोडल्यासारखं वाटत होतं. वाटेत त्यांनी मिठाईच्या दुकानापाशी स्कूटर थांबवली. दिवाळी नव्हती.

वहिनींनी दार उघडलं आणि सरांना बघून पदर तोंडाला लावला. सर आत गेले, मिठाई ठेवली, बसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी जे द्यायला लाजलात ते द्या. आंबटातलं आंबट."

वहिनी म्हणाल्या, "सर, नका हो. दात आंबतील."

"तेच बघायचंय."

या वेळी मी स्वयंपाकघरात गेले. ओट्याच्या कोपऱ्यात मातीचं छोटं भांडं, त्यावर ताटली. भुसावळहून आईने दिलेलं विरजण, लग्नात आलेलं, बावीस वर्षांचं. उन्हाळ्यात गावी जायचं झालं की वहिनी ते कपड्यावर पसरून वाळवायच्या, तो कपडा घडी करून डब्यात ठेवायच्या आणि परत आल्यावर दुधात बुडवायच्या. हे त्यांनी मला अगदी सहज सांगितलं, भांडं पुढे सरकवताना. मी दारात उभ्या असलेल्या सरांकडे बघितलं. ज्या गोष्टीसाठी आमच्याकडे मशीन होतं, ती या बाई दर मे महिन्यात करत होत्या.

मी माझ्या चमच्याने बाटली भरली. मग सरांनी वाटी मागितली आणि उरलेलं दही उभ्या उभ्या खाल्लं. पहिल्या घासाला त्यांचा एक डोळा बंद झाला, दुसऱ्याला दोन्ही. वाटी चाटून पुसून संपवली. "तीन वर्षं," ते म्हणाले, "मी पोटातलं आम्ल सोसणारा जंतू शोधतोय. आणि तो इथे आंबटपणात पोहत बसला होता. वहिनी, तुम्ही फार चांगल्या यजमानीण आहात. तोच घोटाळा झाला."

वहिनी आधी हसल्या आणि मग रडल्या. भाऊ आतून येऊन विचारायला लागले, काय झालं. सरांनी मिठाईचा डबा त्यांच्यापुढे केला.

त्या बाटलीला नंबर चौसष्ट. आम्लात तो सतरापेक्षा कितीतरी जास्त टिकला. डिकीत तर त्याने कमाल केली. पण त्याच्यावर विषाणूचा तुकडा चढवेपर्यंत सरांचे पाच महिने संपले होते. मोठ्या साहेबांनी म्हटल्याप्रमाणे खोली दुसऱ्याची झाली. सरांची एक जुनी विद्यार्थिनी त्या जागेवर आली आणि तिने चौसष्ट नंबर चालू ठेवला. सर रोज यायचे, बिनपगारी, खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचे, मंडळी जेवली का विचारायचे आणि आतल्या खोलीच्या दाराशी थांबायचे. त्यांचं नाव आता आत जाणाऱ्यांच्या यादीत नव्हतं. ती यादी मीच लावली होती. त्यांनी एकदाही उंबरा ओलांडला नाही. चपला मात्र रोज बघायचे.

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात सर गेले. आजारी होते असं नाही, सकाळी उठले नाहीत. तेराव्याला पानात दही वाढलं तेव्हा मी उठून आत गेले आणि विचारलं, "विरजण कुणाचं?" सुनेने केटररकडे बघितलं, केटररने डब्याकडे. बाजारचं होतं. मी माझ्या जागी येऊन बसले आणि जेवले. सरांना हसू आलं असतं.

आता तोच अर्ज परत जातो आहे. उंदरांचे निकाल चांगले आहेत, माणसांचं अजून काही सांगता येत नाही. फळ्याच्या कोपऱ्यात चहाचा भाव मी दर पहिल्या तारखेला लिहिते. यंदा वाढला आहे. अर्जाबरोबर घराची सही लागते आणि मूळ विरजणाचा ताजा नमुना, म्हणून गेल्या आठवड्यात मी बाजव्याला गेले.

वहिनींनी कागद नीट वाचला. सरांचं नाव आता त्याच्यावर नाही, हे त्यांनी आधी बघितलं. मग सही केली. खाली 'नमुन्याचं वर्णन' म्हणून एक ओळ रिकामी होती, ती घरच्याने भरायची असते. वहिनींनी पेन धरून माझ्याकडे बघितलं.

"काय लिहू, ताई? दही?"

मी म्हटलं, जसं आहे तसं लिहा.

त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आंबट दही. घरचं.' मग उठल्या आणि म्हणाल्या, "बसा ना, ऊन किती आहे. पंखा लावते."

पंखा लागला. मी चमचा काढला आणि स्वयंपाकघरात गेले.